शिक्क्याची टेप

"नऊ फूट सात इंच!" भिंतीपाशी उकिडवा बसलेला शिपाई ओरडला.

रस्त्याच्या कडेला टेपचं दुसरं टोक धरून उभे असलेले मोजणीसाहेब खुलले. व्यापारी भागात प्रत्येक दुकानाने रस्त्यापासून भिंतीपर्यंत दहा फूट जागा मोकळी सोडलीच पाहिजे, असा नियम. साहेब तो डोळ्यांत तेल घालून राबवत. बाजार त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणे. कोपऱ्यावरच्या नऊ मजली इमारतीच्या पायऱ्या थेट रस्त्यात उतरल्या होत्या, पण तिकडे जाताना साहेब टेप नेमकी विसरत. माणूस आहे, विसरायचाच.

दारात उभ्या असलेल्या टेलरबाई पायरी उतरून पुढे आल्या. पाच इंच मागे सरायचं म्हणजे पुढची भिंत पाडायची, आणि अख्खं छत त्या एका भिंतीवर. भिंत गेली की दुकान गेलंच म्हणायचं.

"साहेब, सासऱ्यांनी मोजून दहा फूट सोडलेत हो. मंजूर नकाशा आहे माझ्याकडे."

"नकाशा कपाटात ठेवा. आम्ही टेप मानतो."

बाईंनी टेप हातात घेऊन पाहिली. कापडी, मळकी, आकडे विरळ झालेले. त्या तीस वर्षं मापावरच पोट भरत होत्या, आणि स्वतःची टेप दर वर्षी न चुकता बदलत होत्या.

"ही ताणलीय, साहेब. कापडी टेप ओढून ओढून लांब होते. मग दहा फुटांना नऊ फूट सात इंच सांगते. हवं तर माझी लावून बघा."

"कार्यालयाची टेप आहे ही! शिक्का आहे तिच्यावर!" साहेब तापले. "बावीस वर्षांत अर्धा बाजार हिने मागे सारलाय. ही चुकली म्हटलं तर बावीस वर्षं चुकली म्हणावं लागेल. सरकारी टेप ताणत नसते."

त्यांनी तिथल्या तिथे नोटीस लिहिली. 'बांधकाम पाच इंच हद्दीबाहेर आले आहे. सात दिवसांत स्वखर्चाने मागे घ्यावे.' नोटीस बाईंच्या हातात ठेवली आणि दुसऱ्या हाताने पिशवीतून सुटाचं कापड काढलं.

"सहाव्या दिवशी माझा सत्कार आहे. नियम काटेकोर पाळून घेतल्याबद्दल. तुमच्यासारखा हात या भागात कुणाचा नाही. दुकान आहे तोवर एवढा सूट शिवून टाका."

आत काज करत बसलेली नणंद सुई टाकून उठली. "वहिनी, तोंडावर फेका ते कापड! जनाची नाही, मनाची तरी!"

बाईंनी कापड फेकलं नाही. नोटीस पुन्हा एकदा वाचली आणि गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

"माप तुमच्याच टेपने घेते, साहेब. शिक्क्याची आहे, चूक नको."

साहेबांना हे फारच आवडलं. छाती झाली, खांदे झाले. पोटाला वळसा घालताना टेपची दमछाक झाली. शिपायाने आकडे मोठ्याने वाचले, बाईंनी वहीत उतरवले आणि खाली साहेबांची सही घेतली. साहेब गेल्यावर मात्र कापड त्यांनी स्वतःच्या नव्या टेपने बेतलं.

सहाव्या दिवशी साहेब सत्काराला जाता जाता दुकानात आले. गाडी दारात उभी. नोटिशीची मुदत उद्या संपणार होती. पडद्याआड साहेबांनी पँट चढवली, पण बटण काही काजापर्यंत पोचेना. त्यांनी श्वास रोखला. शिपायाने मागून जोर लावला. दोन इंचांची फट राहिली ती राहिलीच. कोटाची तर बातच नको.

"बाई! माप चुकलंय तुमचं!" साहेब पँट धरून बाहेर आले. "हॉल भरलाय तिकडे! मी असा जाऊ?"

नणंदेने तोंडात पदर कोंबला.

"माप कसं चुकेल? खाली तुमची सही आहे." बाईंनी नोटीस आणि पेन पुढे ठेवलं. "टेप ताणलेली आहे, नोटीस रद्द, एवढं यावर लिहून द्या. शिवणीत मी जागा सोडून ठेवलीय, अर्ध्या तासात उसवून बरोबर करून देते."

साहेबांच्या कपाळावर घाम आला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"आणि नाही लिहून दिलं तर?"

"तर टेप बरोबर आहे, साहेब. मग तुमचं पोट दोन इंच हद्दीबाहेर आलंय. सात दिवसांत स्वखर्चाने मागे घ्या."