खंडेनवमीची धार

खंडेनवमीला मुरबाडच्या कारखान्यात शिरताच रुचिता थेट मशीनपाशी गेली. तिच्या पीएचडीसाठी कंपनीनं दिलेलं ते धातू कापायचं मशीन झेंडूच्या माळांखाली लखलखत होतं. झिजणारा कटर तुटेपर्यंत त्याचा आवाज टिपायचा, म्हणून तिनं एकच कटर पावसाळाभर चालवला होता. आता तो तुटायलाच आला होता. दिवाळीला कंपनीचा करार संपणार होता. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर, दोन्ही विभागांचे गाइड तुटतानाच्या शेवटच्या आवाजासाठी अडून बसले होते. “काका, कटर बदललात?” चकाकणाऱ्या कटरकडे बघत तिनं ऑपरेटर सावळारामकाकांना विचारलं. “नाय गो, तूच बदलू नका बोललीस. तोच हाय. पूजेला बोथट कसा ठेवायचा, म्हणून काल धार लावून आणली.” कुंकू लावलेल्या कटरवर झिजेची खूणसुद्धा उरली नव्हती. काकांनी तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. “पयला नारळ तुझ्याच पीएचडीसाठी फोडला.” तिनं तो कपाळाला लावून तोंडात टाकला आणि बोटांवर दिवाळीपर्यंतचे दिवस मोजले.