न्हाणीतलं प्रवाळ

न्हाणीच्या दारात यशोदा थबकली. सासूबाई पाटावर बसून टाचा घासत होत्या आणि त्यांच्या हातात वजरी नव्हती. लक्षद्वीपहून आलेला प्रवाळाचा तुकडा होता. चित्रं काढायला म्हणून यशोदेनं तो कॉलेजातून टिळकवाडीच्या घरी आणला, धुऊन न्हाणीच्या कट्ट्यावर वाळत ठेवला आणि साफ विसरली. खरखरीत दगड न्हाणीत दिसल्यावर बोरगावच्या बाईनं त्याचं दुसरं काय करायचं? तंबाखूच्या शेतात जन्म काढलेल्या टाचा त्या. आठवडाभर त्यांनी दगड मन लावून झिजवला होता.

"लई ग्वाड घासतोय बग ह्यो," पारूबाई खुशीत म्हणाल्या.

यशोदेला हसावं की रडावं कळेना. ह्याच तुकड्यावर तिला एक खेकडा सापडला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. प्रवाळात राहणाऱ्या खेकड्यांची वर्गवारी हा तिच्या पीएचडीचा विषय. शेजारणींना त्यात थट्टेपलीकडं काही दिसत नसे. पण हा दाणा कुठल्याच जातीत बसेना, तेव्हा धारवाडचे सर पहिल्यांदा तिला शाबास म्हणाले. नवी जात म्हणजे प्रबंधाचा सगळा जीव त्यातच आला. शिवाय नाव ठेवायचा मान तिचा.

आणि नाव तिनं ठरवलं होतं. यल्लव्वा. हे पारूबाईंचं माहेरचं नाव. लग्नात सासरच्यांनी ते बदलून पारू केलं आणि त्या दिवसापासून यल्लव्वा म्हणून त्यांना कुणी हाक मारली नाही. यशोदेची पोरं अंगावर घेऊन तिला शिकायला मोकळं ठेवलं ते ह्याच बाईनं. पुस्तकात आपलं नाव छापणार हे ऐकून पारूबाई आधी पदराआड रडल्या, मग गल्लीभर सांगत सुटल्या.

यशोदेनं तुकडा हातात घेतला. झिजल्या बाजूला एक पोकळी उघडी पडली होती. तिनं भिंग आणलं. आत एक खेकडी होती, वाळलेली, पोटाशी अंड्यांची पिशवी धरून. लहानपणी आत शिरली असणार. भोवतीनं प्रवाळ वाढत गेलं आणि ती आतच राहिली. पाठीवर त्या खेकड्यासारखेच दाणे, डोळ्यांजवळ तशीच खाच. यशोदेची नवी जात म्हणजे ह्या बाईचा बारका नवरा होता. आणि ही बाई तर पुस्तकात आधीपासून होती. कुणा साहेबानं कधीच तिचं बारसं उरकलं होतं.

यशोदा उंबऱ्यावर बसली. पारूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. जात नवी नाही. शास्त्रात पहिलं ठेवलेलं नाव कुणी मोडत नाही, मागाहून दुसरं ठेवलं तर तेच खोडतात. बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. तिनं दगड परत पारूबाईंच्या हातात दिला.

"आणि दोन दिस घासलासा, आत्ती, तर आतलं काय उरायचं न्हाय. माझं काम बी हुईल, तुमचं नाव बी ऱ्हाईल. कुणाला कळतंय?"

पारूबाईंनी दगड उजेडाकडं धरला. मग भिंग मागून घेतलं आणि डोळा बारीक करून आत डोकावल्या.

"तुमच्यात बाईचं पयलं नावच खरं धरत्यात?"

"व्हय, आत्ती. तेच धरत्यात."

पारूबाईंनी पदरानं दगड पुसला आणि सुनेच्या ओच्यात ठेवला. कोनाड्यातली जुनी वजरी काढली. टाच पाटावर टेकवली.

"मग तिचं तिला असू दे, पोरी," त्या म्हणाल्या. "एकीचं तरी ऱ्हाऊ दे."