कोल्डचा कोट

देवकीची एकच खोड जनाबाईला सोसत नव्हती. ती कधी काही मागायचीच नाही. भात कमी पडला तर तांब्याभर पाणी पिऊन उठायची. डोकं ठणकलं तर फडकं बांधून गुरांना पेंढा टाकायला जायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "काय नाय." वीस वर्षं जनाबाई सुनेच्या त्या "काय नाय"शी भांडत आली होती आणि वीस वर्षं हरत आली होती. भांडायला समोरच्यानं तोंड तर उघडायला हवं!

आज दुपारीही देवकी तशीच उंबऱ्यात गप्प उभी होती. ओट्यावर तिची मुलगी पूजा आणि वाशिंदहून आलेली मैत्रीण श्वेता मोबाइल मधे ठेवून बसल्या होत्या. उद्या पहाटे निघायचं होतं, मनालीला, बर्फावर घसरायला. या दोघी आणि कामावरचे शेखर नि बंटी. स्वस्तात बसवायचं म्हणून तीन महिने खलबतं चालली होती.

"खोली एकच," श्वेता म्हणाली. "तांदूळ घरचे, कुकर मी घेतलाय. आणि स्की दोनच जोड भाड्यानं. दोघं खेळतील, दोघं बसतील. पाळीपाळीनं."

"म्हंजे सावड," जनाबाई म्हणाली. "आज तुमच्या शेतात लावणी, उद्या आमच्या."

तेवढं तिला पटलं. पायांना फळ्या बांधून डोंगरावरून सुटायचं, हे काही पटलं नव्हतं. पण नात मनालीला जाते हे तिनं मुरबाडच्या बाजारापर्यंत सांगून ठेवलं होतं.

"कोटाचं काय गं?" श्वेतानं विचारलं. "तिकडं कोटाचंच भाडं अंगावर येतं. आमचे तिघांचे झालेत."

"माझा पण झाला." पूजानं पिशवी ओढली. आतून निळा, गादीसारखा जाड कोट निघाला. "मम्मीचा. कोल्डमधला. उणे अठराला चालतो, मनाली काय घेऊन बसलीस!"

कोल्ड म्हणजे देवकीच्या कंपनीतली गोठवणीची खोली. मटार, मका, मासळी, सगळं तिथं दगड होऊन पडलेलं असायचं. देवकी दिवसातून दहा वेळा आत जाऊन खोकी बाहेर काढायची. कोट महिन्यातून एकदा धुवायला घरी यायचा.

जनाबाईनं सुनेकडे पाहिलं. "नि तू गो? आठ दिवस तू काय घालशील?"

"मला पॅकिंगला घेतलंय, आई. बाहेरच काम. कोट नाय लागत."

"सायबाला बोललीस तू?"

"हां."

जनाबाईच्या मनात पाल चुकचुकली. ही सायबाकडे मागेल? जिनं नवऱ्याकडे कधी चप्पल मागितली नाही, ती?

ती उठली आणि घराला वळसा घालून परसात गेली. दोरीवर स्वेटर वाळत होते. एक देवकीचा. एक पूजाचा, शाळेतला. एक जनाबाईच्या म्हाताऱ्याचा. तो जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून स्वेटर पेटीच्या तळाशी पडलेला असायचा. शेजारी मोज्यांचे दोन जोड आणि कानटोपी. पौष असला तरी ऊन असं होतं की कोंबड्या सावली धरून बसल्या होत्या.

जनाबाईनं सगळं ओरबाडून काढलं आणि ओट्यावर पूजापुढे टाकलं.

"हे काय गं आजी?"

"तुझ्या आयशीचा कोट. आठ दिवसांचा."

पूजा स्वेटरांकडे बघत राहिली, मग आईकडे. "मम्मी, तू तर बोललीस पॅकिंगला..."

"एवढं काय नाय," देवकी पुटपुटली. "आत दहा-दहा मिनटं तर असते. तू एकदाच जातेयस."

पूजानं कोट लांब सारला. "मी नाय जात."

"गप बस! बाजारभर सांगून ठेवलंय मी." जनाबाई श्वेताकडे वळली. "फळ्या दोन जोड, मानसं चार. दोघं बसनार ना? मग एकानं खोलीत गोधडी घेऊन बसायचं. तीन कोटांत भागत नाय?"

श्वेतानं मोबाइल उलटा ठेवला. "भागतं, आजी. कोट पण पाळीनं. सुचलंच नाय आमाला."

"त्या मोबाइलात बघून कुठलं सुचतंय." जनाबाईनं स्वेटर पूजाच्या पिशवीत कोंबले. "वाटेत हे घाल."

मग तिनं कोट उचलला आणि देवकीचा हात धरून तिला अंगणात, भर उन्हात आणलं.

"घाल."

"आई, आता?"

"घाल बोलते ना."

देवकीनं कोट चढवला. लहान पोराची लावावी तशी जनाबाईनं कोटाची चेन गळ्यापर्यंत लावली आणि पायरीवर जाऊन बसली. देवकी उभी राहिली. कपाळ डवरलं. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरला. पूजा उठायला गेली, तर आजीनं तिला दंडाला धरून खाली बसवलं.

देवकीचे ओठ हलले.

"काय? ऐकायला नाय आलं."

"गरम होतंय."

"मोठ्यानं बोल."

"गरम होतंय मला!"

शेजारची रंगू हातातल्या सुपासकट बाहेर आली. देवकी आपल्याच आवाजानं दचकल्यासारखी उभी होती.

जनाबाई उठली, चेन खाली ओढली आणि पदरानं सुनेचं तोंड खसाखसा पुसलं.

"वीस वर्षं मला वाटत होतं, सून मुकी पदरात पडली. मुकी नायस तू, देवके. खोटारडी हायस."