भैरवीनंतरची फाइल

भैरवी सुरू झाली आणि माणसं उठायला लागली.

महिपत दूध घेऊन नुकताच दारात आला होता. त्याला कळेना. भैरवी आत्ताच कशी? पण स्पीकरमधून त्याचाच तीस वर्षांपूर्वीचा आवाज भैरवी आळवत होता, आणि भजनी मंडळाचे म्हातारे हात जोडून उभे होते. भैरवी झाली की बैठक संपली. मग कोणी गात नाही, कोणी बसत नाही. मशीन गात असली म्हणून रिवाज थोडाच बदलतो?

"बरं झालं, लवकर आटपलं," मंडळातले सगळ्यात म्हातारे दादाजी चपला शोधत म्हणाले. "मले वाटलं, दिवस बुडवतं का काय."

"अजून दोन गाणे बाकी हायेत, दादाजी. बसा ना," महिपत म्हणाला.

"भैरवी झाल्यावर? आता चाय असन तं उभ्यानंच दे."

महिपतचं लक्ष दादाजींकडे नव्हतंच. तो चंपतकडे पाहत होता. चंपत अठरा वर्षांनी आज या घरात आला होता. त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

अठरा वर्षांपूर्वी मंडळाच्या बैठकीला इंद्रवेल्लीहून माणसं आली होती. आली होती ती चंपतची विराणी, त्याचं विरहाचं भजन, ऐकायला. चंपतची पाळी यायच्या आत महिपतनं पेटी ओढली आणि भैरवी सुरू केली. चंपत न गाता उठला. त्या दिवसापासून ना तो मंडळात गायला, ना त्यानं महिपतच्या घरचं पाणी प्यायलं.

गेले आठ महिने महिपत सुनेला घेऊन जुन्या कॅसेटी संगणकात भरत होता. सून रूपाली मावला गावच्या शाळेत संगणक शिकवायची. कॅसेटच्या एका बाजूला तीनशे एमबी लागायचे. ती म्हणाली होती, "मामाजी, फाइली दाबून ठेवू या का? दहावा हिस्सा जागा लागेल."

"दाबल्यानं काय होते?"

"थोडे बारीक आवाज जातात. कळत नाही फारसं."

"कापूस दाबावा, पोरी. गळा कायले दाबतं?"

म्हणून सगळ्या फाइली न दाबता, होत्या तशा ठेवल्या. प्रत्येकीला माहिती जोडली. गाणं कोणतं, गायलं कोणी, साल कोणतं, नंबर कितवा. साल विचारलं की महिपत सांगायचा, कापसाच्या पऱ्हाटीवर गारा पडल्या ते साल. रूपाली म्हणायची, "मामाजी, इथं फक्त आकडा बसतो." मग दोघं शेजारी देवकाबाईकडे जायचे, कारण त्याच साली तिचं लग्न झालं होतं. ती बोटं मोजून आकडा सांगायची. नंबर मात्र महिपतनं स्वतः घातले. नमन पहिलं, मग गौळण, मग वासुदेव, मग चंपतची विराणी, आणि शेवटी भैरवी. या वेळी विराणी आधी.

आता रूपाली स्पीकर थांबवून त्याच्याशी वाकून बघत होती. तिनं कपाळाला हात लावला.

"मामाजी, माझंच चुकलं. काल फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. अशा न दाबलेल्या फाइलींना जोडलेली माहिती सगळीच यंत्रं वाचत नाहीत. या स्पीकरनं नंबर पाहिलेच नाहीत. नुसती नावं पाहून बाराखडीनं लावल्या. गौळण, नमन, भैरवी. वासुदेव आणि विराणी मागे राहिल्या."

"तरीच," दादाजी उभ्यानं कोराच चहा फुंकत म्हणाले. "नमनाच्या आधी गौळण आली तवाच मी म्हणलं, महिपतनं लय तरक्की केली."

म्हातारे हसले आणि एकेक करून गेले. चंपत मात्र अजून उंबऱ्याशी होता. एक पाय चपलेत, एक बाहेर. पुन्हा तेच झालं होतं. तीच भैरवी, तोच चंपत, आणि पुन्हा त्याची विराणी राहून गेली.

"म्हणजे चुकून झालं," चंपत म्हणाला.

"हो काका, माझ्यामुळे," रूपाली म्हणाली.

चंपतनं महिपतकडे पाहिलं. त्याच्या मिशीत हसू होतं. "मंग तवाबी चुकूनच झालं असन, महिपत. मी उगाच अठरा साल धरून बसलो. जाऊ दे आता."

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. रूपालीनं सुटकेचा श्वास सोडला. महिपतनं मान हलवायला घेतलीसुद्धा. पण ती हलेना.

"नाही, चंपत. तवा मशीन नोती. तवा मी होतो." त्यानं दुधाची पिशवी खाली ठेवली. "लोक तुले आयकाले आले होते. मले पाहवलं नाही. मुद्दाम लावली मी भैरवी."

चंपतनं चपलेतला पाय काढला, आत आला आणि स्पीकरच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसला.

"लाव, पोरी, माही विराणी. भैरवी मशीनची झाली, आपली नाही झाली."

"चंपत, तू रागावला नाहीस?"

"कायचा राग? त्या दिवशी सकाळपासून माहा गळा बसला होता. इतक्या लोकायसमोर फजितीच होती. तू भैरवी घेतली अन् मी मनातल्या मनात तुले हात जोडले."

महिपत त्याच्या शेजारी बसकण मारून पाहतच राहिला. "मंग इतके साल रुसून काऊन राह्यला, लेका?"

"गळा तवा गेला तो गेलाच," चंपत म्हणाला आणि कान स्पीकरला लावला. "अन् रुसलेल्याले कोणी गा म्हणत नाही."