मुखपृष्ठावरचा पोपटी

“आजी, तुमच्या वयाला ही मोतिया साडी शोभेल,” फोटोग्राफर म्हणाला.

कुमुदिनी रेगेंनी साडी बाजूला सारली. “चाळीस वर्षं गिरणीत साड्यांची डिझाइनं काढली. रंग निवडताना नजर फसू नये म्हणून स्वतः पांढरंच नेसले. आता नाही.”

निवृत्तीनंतर त्या जांभळ्यावर नारिंगी, पोपटीवर लाल घालू लागल्या. मोठी बहीण चिडायची, “बहात्तराव्या वर्षी शोभतं का हे?” नातीने टाकलेले फोटो मात्र लाखोंनी पाहिले, आणि आज मासिकाने त्यांना मुखपृष्ठासाठी बोलावलं होतं.

त्या आपली पोपटी साडी नेसून, लाल लिपस्टिक लावून कॅमेऱ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या.

अंक आला त्या दिवशी बहिणीचा फोन आला. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली.

मग हळूच म्हणाली, “कुमुद, ती लिपस्टिक कुठली गं?”