केवळाला मॅच कळली

“काकू, ही मॅच कशी बघायची ते शिकवा की मला,” केवळा हळूच म्हणाली.

कमलबाईने तिच्याकडे पाहिलं. केवळाच्या हातात नवा चुडा होता आणि त्याच्याखाली काचेचे ताजे ओरखडे.

“मागल्या मॅचला मी जांभई दिली,” केवळा म्हणाली. “ह्यांनी तिकडून बघितली.”

 कमलबाईने सरकून केवळाला शेजारी जागा दिली.

मानवतच्या कापसाच्या जिनिंगमागचं मैदान माणसांनी भरलं होतं. पोलीस ॲक्शनमध्ये बंद पडलेलं जिनिंग पुन्हा सुरू झालं, तसा शेठच्या मुलाने हैदराबादहून फुटबॉल आणला आणि कामगारांची टीम उभी केली. आज पूर्णेचे रेल्वेवाले खेळायला आले होते. कामगारांच्या बायकांनीही मॅचला यावं, असा शेठचा निरोप होता. त्यांच्यासाठी एका कडेला कनात लावली होती.

“लाल बनेलवाले आपले,” कमलबाई सांगू लागली. “पांढरे पूर्णेचे. त्या दोन बल्ल्यांमधून बॉल गेला की गोल. आपल्यांनी केला तर टाळ्या वाजवायच्या. त्यांनी केला तर गप बसायचं.”

“आन् आमचे तिथं मागंच कामून उभे हायेत?”

भुजंग आपल्या बल्ल्यांच्या पुढे पाय फाकवून उभा होता. रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर त्याच्याइतका ताकदवान गडी दुसरा नव्हता.

“तुझा मालक बॅक हाय. पल्याडच्याला आत येऊ द्यायचं न्हाई, एवढंच त्याचं काम.”

“आन् आला तर?”

“तर सांच्याला ताट वाढायचं आन् लांब बसायचं.”

केवळा बघू लागली. आधी तिला नुसती धूळ दिसली आणि धुळीत पळणारे पाय. कमलबाईने टाळ्या वाजवल्या की तीही वाजवायची. भुजंगची मान कनातीकडे वळली की ताठ बसायची. एकाच बॉलमागं एवढी बाप्ये माणसं ऊर फुटेस्तोवर कशाला पळायलीत, ते काही केल्या तिच्या ध्यानात येईना.

मग पूर्णेच्या टीममधला एक ठेंगणा गडी तिच्या नजरेत भरला. अनवाणी होता. बॉल त्याच्या पायाशी असला की तो पळत नसे, थांबे. समोरचा अंगावर आला की बॉल जरासा सरकवून कुशीतून निघून जाई. एकदा गेला, दोनदा गेला. तिसऱ्यांदा तो थांबला, तेव्हा आता हा डाव्या अंगाने जाणार, हे केवळाने आधीच ओळखलं. आणि तो गेला. तिला एकदम बरं वाटलं. कोणी न सांगता आपल्याला काहीतरी कळलं, असं. ती पुढे सरकून बसली. मधेच कमलबाईने टाळ्या वाजवल्या, त्या तिला ऐकूही आल्या नाहीत.

ठेंगणा सगळ्यांना चुकवत भुजंगसमोर आला. भुजंग दोन्ही हात पसरून वाकला. केवळाच्या बापाच्या मेंढरांच्या वाड्यात सांजच्या वेळी कोकरं आत घेताना बाप असाच वाकायचा, आणि एखादं वांड कोकरू नेमकं त्याच्या दोन पायांमधून निसटायचं. बॉल तसाच निसटला. भुजंग त्याला धरायला गर्रकन वळला, पायात पाय अडकला आणि मातीत बसकण मारून बसला. ठेंगण्याने पुढे धावून आलेल्या गोलकीपरलाही चुकवलं आणि बॉल सावकाश बल्ल्यांमधून लोटला.

सगळं मैदान हसलं. हमाल हसले, शेठचा मुलगा हसला. केवळाही उभी राहून हसली. पदर तोंडाशी न्यायचं भान राहिलं नाही. लग्न झाल्यापासून एवढ्या मोठ्यानं ती हसलीच नव्हती.

“काकू, बघितलं का? कसा निसटला!”

“खाली बस,” कमलबाई दातावर दात ठेवून म्हणाली.

भुजंग अजून मातीतच होता. त्याचं बॉलकडे लक्ष नव्हतं. तो कनातीकडे बघत होता.

केवळा मटकन खाली बसली. “सगळेच हसले की, काकू.”

“सगळे त्याच्या घरात राहात न्हाईत.”

“आजच्या रोज तुमच्याकडं निजायला येऊ का?”

कमलबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. “आमच्या मालकाला रोज त्याच्याच जोडीला प्रेसवर उभं ऱ्हायचंय, पोरी,” ती म्हणाली. आणि थोडी सरकली, पलीकडच्या बाईकडे.

खेळ पुन्हा सुरू झाला. ठेंगणा परत बॉल घेऊन त्याच अंगाने आला. या खेपेला तो उजवीकडून काढणार, हे केवळाला दिसलं. भुजंगने मात्र बॉलकडे बघितलंच नाही. ठेंगणा जवळ येईपर्यंत तो थांबला आणि त्याने बुटाचा पाय त्याच्या गुडघ्यावर मारला. वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज कनातीपर्यंत आला.

ठेंगणा पडला. त्याच्या तोंडून आधी आवाजच फुटेना, मग फुटला तो थांबेना. शिट्टी वाजली. पूर्णेचे गडी धावले. पंचाने भुजंगच्या छातीला हात लावून त्याला मागे सारलं आणि मैदानाबाहेर जा म्हणून बोट दाखवलं.

भुजंगने वाद घातला नाही. बनेलला तोंड पुसलं. त्याच्या टीमचे लोक ज्या बाजूला बसले होते, तिकडे तो गेला नाही. मैदान आडवं कापत सरळ कनातीकडे निघाला.

कनातीतल्या बायका उठल्या. त्यांनी पदर सावरले आणि केवळापर्यंत त्याला वाट करून दिली.