रविवारी ठेचा कुटू नये

“बॅग भरून झाली, ताई. मी परत येऊन राहिले.”

रडून रडून पल्लवीचा आवाज घोगरा झाला होता. निलमने हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि फोन नीट कानाला लावला. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या तांड्यावर दुपारचे दोन वाजले होते, ऊन मी म्हणत होतं. म्हणजे हॅम्बुर्गमध्ये सकाळचे साडेदहा.

“आधी नाक पूस,” निलम म्हणाली. “मग सांग काय झालं ते.”

पल्लवी ही वारंगा फाट्यावर पंक्चर काढणाऱ्या भीमराजची थोरली मुलगी. मसाले तपासणाऱ्या एका जर्मन प्रयोगशाळेत सहा महिन्यांसाठी इंटर्न म्हणून तिची निवड झाली, तेव्हा बापाने फाट्यावर येईल त्याला चहा पाजला होता. तिला तिकडे जाऊन आठच दिवस झाले होते. निघताना कॉलेजच्या सरांनी तिला निलमचा नंबर दिला. दोन वर्षांपूर्वी त्याच प्रयोगशाळेने निलम राठोडला निवडलं होतं, काही अडलं तर तिला विचार, म्हणाले. आणि पल्लवीचं तर पावलोपावली अडत होतं.

“काहीच न्हाई केलं मी. ठेचा कुटला,” पल्लवी म्हणाली. “आईनं खलबत्ता दिला होता ना. खालची म्हातारी लालबुंद होऊन वर आली. बोट नाचवून काय काय बोलली. आता मला घराबाहेर काढतात बघा.”

निलम खळखळून हसली.

“अगं, तिथं रविवारी ठेचा कुटतात का? रविवारी तिथं कुणी भिंतीत खिळा ठोकत न्हाई. तसा नियमच हाय त्यांचा. तुला कोण काढतंय? तू ठेचा चुकीच्या वारी कुटलास, एवढंच.”

हसली तरी तिला हे हसण्यावारी नेता येत नव्हतं. हिंगोलीची मुलगी पुन्हा घ्यायला प्रयोगशाळा राजी नव्हती. सरांनी वर्षभर मिनतवाऱ्या करून ही एक जागा मिळवली होती. पल्लवी अशी आठव्या दिवशी परत आली, तर तो दरवाजा कायमचा बंद होणार होता. काही झालं तरी हिला तिथे टिकवायचंच, हे निलमने पहिल्याच फोनला ठरवून टाकलं होतं.

“एका कागदावर माफी लिही अन् तिच्या दाराखालून आत सरकव. दार वाजवू नको. जेवलीस का?”

“दुकानं बंद हायत सगळी.”

“मुख्य स्टेशनातली उघडी असतात. ऊठ, चपला घाल. कॅमेरा चालू कर.”

पल्लवी उठली. निलमच्या आवाजातच असा काही हुकूम होता की नाही म्हणायची सोय नव्हती. रस्त्याला लागल्यावर निलम सांगत गेली तसं एकेक समोर येत गेलं. आधी बेकरी, मग लाल अक्षराची पाटी लावलेलं औषधाचं दुकान, मग चौक.

“लाल माणूस दिसला की थांबायचं. रस्ता रिकामा असला तरी.”

“व्हय, सगळेच थांबलेत.”

“आता मेट्रोचा जिना उतर. फलाटावर फाटक न्हाई, म्हणून बिनतिकिटाची चढू नको. साध्या कपड्यातले लोक तिकीट तपासतात.”

“ताई, तुमाला इतकं सगळं बराबर कसं आठवतं?”

“डोळे मिटले की दिसतं,” निलम म्हणाली. “वारा कसा हाय? नाकाला झोंबतो का कानाला?”

“कानाला.”

“मग टोपी घाल. अन् स्टेशनात पोचलीस की फोन जरा वर धर. छत दाखव.”

“तुमी तर पाहिलेलंच हाय ते.”

“दाखव म्हणलं ना.”

काचेचं भलंमोठं छत फोनवर आलं. निलम ते बराच वेळ बघत राहिली. तिला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोला.

दारात बसून तूर निवडणारी तिची आई जिवनबाई सगळं ऐकत होती. “त्या गावच्या गल्ल्या हिला पाठ, अन् सेनगावच्या बाजारात वाट चुकती,” ती म्हणाली.

“याडी, गप ना.”

फोन बंद झाल्यावर आईने विचारलं, “आली का फिरून?”

“आले. पोरगी पीठ घेऊन घरी निघाली,” निलम म्हणाली आणि तिने सूप पुन्हा हातात घेतलं.

पल्लवी टिकली. चिठ्ठी वाचून म्हातारीचा राग निवळला. पुढच्या शनिवारी तिने स्वतःहून ठेचा चाखला आणि वर तांब्याभर पाणी प्यायली. महिनाभरात पल्लवी नव्याने आलेल्या इंटर्न मुलांना रस्ते सांगू लागली. तिच्या फोनमधलं रडणं थांबलं आणि त्या जागी बढाया आल्या. निलम त्या कौतुकाने ऐकायची.

एका बुधवारी निलम गोरेगावच्या खरेदी केंद्रावर हळदीचे नमुने तपासत होती, तेवढ्यात पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. मागे एक पिकल्या केसांच्या बाई संगणकापाशी बसल्या होत्या.

“ताई, ह्या पेटरसनबाई. इंटर्न लोकांचं सगळं ह्याच बघतात. मला म्हणल्या, तू इतक्या लवकर कशी रुळलीस? मी म्हणलं, आमच्या निलमताईची कमाल हाय. त्यांना तुमचं पूर्ण नाव पाहिजे होतं, मी सांगितलं.”

पेटरसनबाईंनी संगणकात काहीतरी शोधलं. मग पल्लवीजवळ वाकून त्या हळू आवाजात बोलल्या. पल्लवीचं हसू थांबलं. तिने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा निलमकडे.

“काय म्हणतात?” निलमने विचारलं.

“ताई, त्या म्हणतात, दोन वर्षांपूर्वी त्या तुमच्या नावाची पाटी धरून विमानतळावर उभ्या होत्या अन् तुमी आल्याच न्हाई. विचारून राहिल्या, या वेळी तरी येताल का?”